व्याज पाच टक्के, भांडण चीफ इंजिनिअरच्या खुर्चीचं

चिंग राजवटीच्या शेवटच्या पंधरा वर्षांत चीनने रेल्वेसाठी परदेशी बँकांकडून जी कर्जं काढली, त्यांचे करारनामे एकाशेजारी एक ठेवून वाचले की पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो व्याजाचा दर. बेल्जियन कर्ज पाच टक्के, इंग्रजी पाच टक्के, जर्मन पाच टक्के, आणि चार देशांच्या बँकांनी मिळून दिलेलं १९११ चं कर्जही पाचच टक्के. सगळ्यांचा भाव सारखाच, तर मग बीजिंगमधले परदेशी राजदूत एकमेकांवर एवढे का तुटून पडत होते?

माझं म्हणणं असं की भांडण व्याजाचं नव्हतंच. चीफ इंजिनिअर कोणत्या देशाचा, रूळ कोणाच्या कारखान्यातून यायचे, हिशेबावर सही कोणाची आणि हप्ता थकला तर काय जप्त होणार, या चार कलमांवरून ते भांडण होतं. ही कलमं नजरेआड केली तर त्या काळातली सगळी चुरस म्हणजे नकाशावर रंग भरण्याचा खेळ वाटतो. पण ती कलमं वाचली की कोणाचा पैसा कुठे मुरत होता ते स्पष्ट कळतं.

आधी एक कर्जरोखा हातात घेऊन पाहू. १० ऑक्टोबर १८९८ रोजी ब्रिटिश अँड चायनीज कॉर्पोरेशनने शानहायग्वान ते न्यूच्वांग या उत्तरेकडच्या मार्गासाठी २३ लाख पौंडांचा करार केला. ही कंपनी म्हणजे हाँगकाँग-शांघाय बँक आणि जार्डिन मॅथेसन यांची जोडी. मुदत ४५ वर्षं. शंभर पौंडांचा रोखा लंडनच्या बाजारात ९७ पौंडांना विकला गेला, चीनच्या हाती आले ९०. मधले सात पौंड बँकेचे. चीनने मात्र दरवर्षी पूर्ण शंभरावर पाच पौंड द्यायचे, म्हणजे हातात आलेल्या पैशावर साडेपाच टक्क्यांहून जास्त. आणि मुदतीअखेर परत करायचे ते शंभरच.

हिशेब इथे संपत नाही. रेल्वे बांधून होईपर्यंत कमाई नसते, पण व्याज पहिल्या सहामाहीपासून सुरू. ते द्यायचं कुठून? कर्जाच्याच रकमेतून. बांधकाम चार वर्षं चाललं तर नव्वदातले वीस पौंड व्याजातच गेले. माती, खडी, पूल, रूळ, इंजिनं यांना उरले सत्तर. उन्हाळ्यात पूर येऊन भराव वाहून गेला, काम वर्षभर लांबलं, की आणखी पाच गेले. इतक्या कर्जांना दोन-तीन वर्षांनी ‘पुरवणी कर्ज’ का जोडावं लागलं, याचं निम्मं उत्तर या वजाबाकीत आहे.

दुसरी गळती चांदीची. रेल्वेची तिकिटं आणि मालभाडं चांदीत जमा व्हायचं, कर्ज पौंडांत म्हणजे सोन्यात. १८९० मध्ये चिनी जकात खात्याच्या एका ताएलला (ताएल म्हणजे चांदीचं वजनी चलन) ५ शिलिंग २ पेन्सच्या आसपास मिळत होते, १९०३ मध्ये जेमतेम २ शिलिंग ८ पेन्स. पाच पौंड व्याज भरायला आधी १९ ताएल पुरले असते, आता ३७-३८ लागत होते. आपल्याकडच्या वाचकाला हे दुखणं ओळखीचं वाटेल. रुपयाही चांदीचाच होता आणि होम चार्जेस, म्हणजे हिंदुस्थानने इंग्लंडला दरवर्षी द्यायची रक्कम, सोन्यात जायचे. पण हिंदुस्थान सरकारने १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या आणि पुढे रुपया १ शिलिंग ४ पेन्सला बांधला. चीनकडे असं एक चलन नव्हतं आणि ते बांधून ठेवणारी यंत्रणाही नव्हती. ही अदलाबदल करायची तीही कर्ज देणाऱ्या बँकेमार्फतच, म्हणजे वटणावळ पुन्हा त्यांचीच. शिवाय दर हप्त्याच्या वाटपावर पाव टक्का दलाली.

हिंदुस्थानशी तुलना आणखी एका बाबतीत करता येते, पण ती जपून करावी. जीआयपी रेल्वे ही इंग्लंडमधली खाजगी कंपनी होती आणि तिच्या भांडवलावर सरकारने पाच टक्के हमी दिली होती. चीनमध्ये बहुतेक ठिकाणी कर्जदार खुद्द चिनी सरकार आणि मार्गाची मालकीही कागदोपत्री चीनचीच. (मांचुरियातला रशियन मार्ग, शानतुंगमधला जर्मन आणि युन्नानमधला फ्रेंच हे अपवाद, तिथे मालकीच परदेशी होती.) म्हणूनच चीनमध्ये सगळा जोर कलमांवर आला. मालकी दुसऱ्याची असताना कारभार आपल्या हाती कसा ठेवायचा, यासाठी ती कलमं घडवलेली होती.

आता चीफ इंजिनिअर. तो फक्त आखणी करत नाही, स्पेसिफिकेशन लिहितो. रुळाचं वजन, सांध्याच्या पट्ट्या, डब्यांची जोडणी, ब्रेक, पुलाच्या गर्डरचं पोलाद किती ताण सोसणारं हवं, हे सगळं त्याच्या कागदावर ठरतं. टेंडर मग कितीही खुलं ठेवा, इंग्रज इंजिनिअरने इंग्रजी मापात लिहिलेल्या मागणीला पहिलं बसतं ते शेफील्ड आणि ग्लासगो. त्यावर खरेदीच्या एजंटला पाच टक्के दलाली, आणि तो एजंट कर्ज देणारी कंपनीच. शांघाय–नानजिंग मार्गाच्या ९ जुलै १९०३ च्या करारात तर रेल्वेचा कारभार पाच जणांच्या मंडळाकडे होता: दोन चिनी, दोन इंग्रज आणि पाचवा चीफ इंजिनिअर, तोही इंग्रज. मत मोजायची वेळ आली की तीन विरुद्ध दोन. त्याच करारात निव्वळ नफ्याचा पाचवा हिस्सा ५० वर्षं कंपनीला. असा करार वाचल्यावर ‘मालकी चीनची’ या शब्दांत काय उरतं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

चिनी अधिकाऱ्यांना हे कळत नव्हतं, असं समजणं चूक ठरेल. हूपेइ आणि हूनान प्रांतांचे व्हाइसरॉय झांग झिदोंग आणि १८९६ पासून रेल्वे महामंडळ सांभाळणारे शेंग श्वेनह्वाय यांनी बीजिंग–हानकौ या १,२१४ किलोमीटरच्या मार्गासाठी मुद्दाम बेल्जियम निवडलं. हिशेब सरळ होता. देश छोटा, चीनच्या किनाऱ्यावर त्याचं आरमार नाही, जमिनीवर डोळा नाही, आणि पोलाद व रेल्वेबांधणीत मात्र हातखंडा. २६ जून १८९८ च्या करारात ४५ लाख पौंड, म्हणजे सव्वाअकरा कोटी फ्रँक, पाच टक्क्यांनी, चीनच्या हाती नव्वद, नफ्यातला वीस टक्के वाटा कंपनीला.

फसगत कुठे झाली? बेल्जियमच्या बाजारात एवढा पैसा नव्हता. रोखे मोठ्या प्रमाणात पॅरिसमध्ये खपले. उत्तरेकडच्या भागाचा आर्थिक व्यवहार रूसो-चायनीज बँकेकडे जाणार असं दिसताच इंग्रज राजदूत क्लॉड मॅक्डोनल्ड खवळले. उत्तरेकडून रशिया, पाठीशी फ्रान्स, आणि रूळ थेट यांगत्सेच्या काठी हानकौला! करार मंजूर करण्याआधी आम्हाला दाखवा, ही त्यांची मागणी होती. ऑगस्टमध्ये तो न दाखवताच मंजूर झाला. मग लंडनने आरमाराचा धाक घालून भरपाई मागितली, तीही पैशात नव्हे, मार्गांत. थ्येनजिन–चेनजियांग (जर्मनांशी वाटून), शानशी-होनानच्या खाणींपासून यांगत्सेपर्यंत, कौलून–कँटन, पूकौ–शिनयांग आणि सूचौ–हांगचौ–निंगपो. पाच मार्ग, आणि अटी बेल्जियन करारापेक्षा कमी नकोत. सप्टेंबरात चीनने मान्य केलं.

हे मिळालेले मार्ग म्हणजे त्या क्षणी केवळ कागद होते. प्राथमिक करार हा प्रकार नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. पायऱ्या अशा: पहिल्यांदा पान-दोन पानांचा प्राथमिक करार, ज्यात मार्गाची दोन टोकं आणि कंपनीचं नाव, बाकी ‘अमुक मार्गाच्या अटींप्रमाणे’. मग पाहणी. मग अंतिम कर्जकरार. त्यावर बादशाही फर्मान. ते फर्मान परराष्ट्र खात्याने संबंधित देशाच्या वकिलातीला अधिकृत पत्राने कळवायचं. हे पत्र गेलं की खाजगी कंपनीचा करार दोन सरकारांमधलं बंधन होतो. त्यानंतर रोखे छापायचे आणि प्रत्येक रोख्यावर त्या राजधानीतल्या चिनी वकिलाचा शिक्का. तेव्हा कुठे पैसा. पहिल्या पायरीला खर्च जवळपास शून्य, म्हणून प्रत्येक कंपनीने ती पटापट गाठून जागा अडवून ठेवली. रेल्वेच्या डब्यात रुमाल टाकून जागा धरतात, तसं. सूचौ–निंगपो मार्गाचा १८९८ चा कागद दहा वर्षं पडून राहिला. दरम्यान चच्यांग प्रांतातल्या व्यापाऱ्यांनी आणि जमीनदारांनी स्वतःची कंपनी काढून काम सुरूही केलं. तरी इंग्रजांनी तो कागद पुढे केला आणि मार्च १९०८ मध्ये १५ लाख पौंडांचं कर्ज घ्यायला लावलं, ज्या मार्गाला त्या पैशाची गरज उरली नव्हती.

१ आणि २ सप्टेंबर १८९८ ला लंडनमध्ये इंग्रज आणि जर्मन बँकवाले बसले आणि आपापसांत वाटणी केली: यांगत्से खोरं इंग्रजांचं, शानतुंग आणि पीत नदीचं खोरं जर्मनांचं. एप्रिल १८९९ मध्ये इंग्लंड आणि रशियाने महाभिंतीची रेघ धरून तसंच केलं. भिंतीच्या उत्तरेला इंग्रज सवलत मागणार नाहीत, यांगत्से खोऱ्यात रशियन मागणार नाहीत. चीनची सही यातल्या एकाही कागदावर नव्हती. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात खुपणारी गोष्ट हीच वाटते. चीन ज्या दोन सावकारांना एकमेकांविरुद्ध उभं करून अटी सैल करून घेऊ पाहत होता, त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं की कोण कुठे बोली लावणार नाही.

कँटन–हानकौ मार्गाचं प्रकरण वेगळं आणि जास्त शिकवणारं. इथे शेंग यांनी दूरचा म्हणून अमेरिकन सावकार घेतला. अमेरिकन चायना डेव्हलपमेंट कंपनीशी एप्रिल १८९८ मध्ये करार झाला, विल्यम बार्कले पार्सन्स यांनी मार्गाची पाहणी केली, मग खर्चाचा अंदाज वाढला आणि जुलै १९०० च्या पुरवणी करारात कर्ज ४ कोटी डॉलरवर गेलं. या पुरवणीत चीनने एक कलम घालून घेतलं: अमेरिकनांनी हे हक्क दुसऱ्या देशाला किंवा दुसऱ्या देशाच्या लोकांना देऊ नयेत. चांगलं कलम. पण हक्क दिले नाहीत तरी शेअर विकता येतात! बेल्जियमचे राजे लिओपोल्ड यांच्या बाजूने बाजारात शेअर घेतले गेले आणि बहुमत ब्रसेल्सकडे गेलं. उत्तरेकडचा अर्धा मार्ग बेल्जियन, दक्षिणेकडचा अर्धाही आता बेल्जियनच, आणि मागे पॅरिस. कंपनीने तोवर कँटनजवळची एक छोटी शाखा बांधली होती, मुख्य मार्गाचं काम जवळपास नाहीच. हूनान, हूपेइ, क्वांगतुंग तिन्ही प्रांत उठले आणि १९०५ मध्ये करार रद्द झाला. भरपाई साडेसदुसष्ट लाख डॉलर.

ते पैसे झांग झिदोंग यांनी आणले हाँगकाँग सरकारकडून, ११ लाख पौंड, साडेचार टक्के, दहा वर्षं. दर कमी होता. किंमत मात्र सोबतच्या पत्रात होती. सप्टेंबर १९०५ मध्ये हानकौच्या इंग्रज कॉन्सलला दिलेल्या त्या पत्रात, कँटन–हानकौसाठी पुढे परदेशी पैसा लागला तर पहिली विचारणा इंग्रजांकडे, असं वचन होतं. एका सावकाराच्या तावडीतून सुटताना दुसऱ्याला लेखी वचन. चार वर्षांनी ते पत्र बाहेर निघालं.

मधल्या काळात परदेशी चुरशीतून चीनचा एकदाच निखळ फायदा झाला, त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. बीजिंग–चांगच्याखौ मार्ग मंगोलियाच्या वाटेवरचा. पैसा उत्तर रेल्वेच्या नफ्यातून काढायचा, आणि ती रेल्वे इंग्रजी कर्जावरची, म्हणून इंजिनिअर आमचा हवा, हे इंग्रजांचं म्हणणं. महाभिंतीच्या उत्तरेला जाणारा मार्ग, म्हणून इंग्रज अजिबात चालणार नाही, हे रशियाचं. दोघांचा पेच सुटेना, तेव्हा तोडगा निघाला: परदेशी इंजिनिअरच नको. १९०५ मध्ये काम झान थ्येनयौ यांच्याकडे आलं. येल विद्यापीठातून १८८१ मध्ये सिव्हिल इंजिनिअरिंग करून आलेला माणूस. सुमारे २०० किलोमीटर मार्ग, त्यात बादालिंगचा डोंगर. चढ ३० ला १ इतका तीव्र. आपल्या बोरघाटात तो ३७ ला १ आहे. सरळ चढायचं तर बोगदा फार लांब झाला असता, म्हणून छिंगलोंगछ्याओ स्टेशनवर त्यांनी मार्ग ‘व्ही’ आकारात उलटा फिरवला. खंडाळ्याजवळ पूर्वी जे रिव्हर्सिंग स्टेशन होतं, तत्त्व तेच. गाडीला पुढे एक आणि मागे एक इंजिन. स्टेशनात शिरून थांबायचं, आणि मागचं इंजिन पुढचं होऊन दुसऱ्या फाट्याने वर. त्यामुळे बादालिंगचा बोगदा १,०९१ मीटरवर भागला. तो लवकर व्हावा म्हणून दोन्ही तोंडांबरोबर डोंगराच्या माथ्यावरून विहिरीसारखी विवरं उतरवून मधूनही खोदकाम चाललं. १९०९ मध्ये मार्ग सुरू झाला, अंदाजपत्रकाच्या आत.

रुळांचीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण ‘चिनी माल का नाही’ हा प्रश्न प्रत्येक करारात येतो. झांग झिदोंग यांनी हानयांगला लोखंड-पोलादाचा कारखाना काढला, तो रुळांसाठीच. यंत्रं इंग्लंडहून मागवली, त्यात बेसेमर कन्व्हर्टर होते, आम्ल अस्तराचे. अशा अस्तराच्या भट्टीत फॉस्फरस निघत नाही. आणि ताये खाणीच्या लोहखनिजात फॉस्फरस जास्त. परिणाम: पोलाद ठिसूळ, थंडीत आणि चाकाच्या आघाताने तडकणारं. परदेशी चीफ इंजिनिअरला हानयांगचे रूळ नाकारायला तांत्रिक कारण आयतं मिळालं, आणि ते खरंही होतं. १९०४ नंतर नमुने परदेशात तपासून दोष सापडला, बेसेमर काढून अल्कली अस्तराच्या मार्टिन भट्ट्या बसवल्या, तेव्हा रूळ सुधारले. पुढच्या करारांत ‘हानयांगचे रूळ वापरावेत’ हे कलम चीनला घालता आलं ते या भट्ट्यांच्या जोरावर. वाटाघाटीच्या टेबलावर नुसता देशाभिमान चालत नाही, रुळाचा तुकडा चाचणीत टिकावा लागतो.

१३ जानेवारी १९०८ चा थ्येनजिन–पूकौ करार हा माझ्या मते या सगळ्या मालिकेतला चीनचा सर्वात चांगला करार. ५० लाख पौंड, जर्मन ६३ टक्के, इंग्रज ३७ टक्के. मार्गाचीही त्याच मापाने फाळणी: उत्तरेचे ६२६ किलोमीटर जर्मन इंजिनिअरकडे, दक्षिणेचे ३८३ इंग्रजाकडे. पण मजकूर बदलला होता. रेल्वे गहाण नाही. तारण म्हणून प्रांतांची अंतर्गत जकात आणि इतर महसूल. बांधकाम आणि कारभार चिनी सरकारच्या हातात. चीफ इंजिनिअर परदेशी, पण चिनी संचालकाच्या हाताखाली. नफ्यातला वाटा गेला, त्याऐवजी एकरकमी मोबदला. पहिल्या हप्त्याला चीनच्या हाती ९३, पुढच्याला साडेचौऱ्याण्णव. त्याच वर्षी बीजिंग–हानकौचं बेल्जियन कर्ज ५० लाख पौंडांचं इंग्रज-फ्रेंच कर्ज काढून फेडलं आणि १ जानेवारी १९०९ पासून तो मार्ग चीनने पूर्णपणे ताब्यात घेतला.

या अटींना सावकारांमध्ये ‘थ्येनजिन–पूकौ अटी’ असं नावच पडलं, आणि दुसरी कडू बाजूही लगेच दिसली. पैशावर बाहेरची देखरेख सैल झाली, आणि १९०९ मध्येच उत्तर विभागात जमीनव्यवहारांच्या भ्रष्टाचारावरून प्रमुख ल्यू हायह्वान यांना पद सोडावं लागलं. इंग्रज बाजूला हवं ते कारण मिळालं: बघा, ऑडिटर आमचा नसला की काय होतं.

आता हूग्वांग (म्हणजे हूपेइ-हूनान) कर्ज. कँटन–हानकौचा हूनान-हूपेइमधला भाग आणि हानकौहून सिचुआनकडे जाणारा मार्ग. झांग झिदोंग यांना थ्येनजिन–पूकौ अटी हव्या होत्या. इंग्रजांचे प्रतिनिधी ब्लँड कँटन–कौलूनच्या जुन्या, कडक अटींवर अडून बसले, कारण पैशावर ताबा हवा. त्यांच्या खिशात १९०५ चं पत्र होतं, त्यामुळे दुसरा कोणी येऊ शकत नाही अशी खात्री. मार्च १९०९ मध्ये जर्मन बँकेचे कोर्डेस आले, सैल अटी मान्य केल्या आणि प्राथमिक करार करून मोकळे झाले. इंग्रजांनी पत्र काढून निषेध केला. शेवटी युरोपातच बँकवाल्यांनी पुन्हा वाटणी केली आणि ६ जून १९०९ ला इंग्रज, फ्रेंच, जर्मन तिघांसाठी मिळून ५५ लाख पौंडांच्या मसुद्यावर आद्याक्षरं झाली.

आणि आता अमेरिका. पूर्वी सिचुआन मार्गाबाबत दिलेलं एक आश्वासन वॉशिंग्टनने पुढे केलं, आणि १५ जुलै १९०९ ला अध्यक्ष टाफ्ट यांनी थेट राजप्रतिनिधी राजपुत्र छुन यांना तार केली: समान वाटा हवा. मॉर्गन, कून-लोब, फर्स्ट नॅशनल, नॅशनल सिटी अशा बँकांचा गट उभा राहिला. चौथ्याला बसवायचं म्हणजे प्रत्येक मैलाची आणि प्रत्येक इंजिनिअरच्या पदाची पुन्हा मोजणी. ती चालू असतानाच ऑक्टोबर १९०९ मध्ये झांग झिदोंग वारले. मोजणी जवळपास दोन वर्षं चालली. त्याच काळात अमेरिकेने मांचुरियातल्या सगळ्या रेल्वे आंतरराष्ट्रीय कर्जातून विकत घेऊन तटस्थ कराव्यात अशी योजना मांडली. जपान आणि रशियाने ती झिडकारली आणि जुलै १९१० मध्ये आपसात करार करून मोकळे झाले.

उशिराची किंमत सिचुआनने मोजली. तिथे १९०४ पासून प्रांताची स्वतःची रेल्वे कंपनी होती, आणि तिचं भांडवल म्हणजे शेतसाऱ्यासारखी वसुली: ज्याचं खंडाचं उत्पन्न दहा श (धान्याचं माप) किंवा अधिक, त्याच्याकडून तीन टक्के धान्याच्या रूपात, त्याबदल्यात शेअर. म्हणजे सिचुआनमधला साधा जमीनधारकही भागधारक झाला होता. कंपनीचे शांघायमधले खजिनदार श त्येनचांग यांनी पैसा सट्ट्यात घातला आणि १९१० मध्ये रबराच्या शेअरचा फुगा फुटला तेव्हा सुमारे ३० लाख ताएल बुडाले. यीचांगला डिसेंबर १९०९ मध्ये सुरू झालेलं काम मुंगीच्या पावलाने चाललं होतं.

९ मे १९११ ला फर्मान निघालं: मुख्य मार्ग सरकारजमा. २० मे ला शेंग यांनी चार बँकगटांबरोबर ६० लाख पौंडांच्या करारावर सही केली. पाच टक्के, ४० वर्षं, चीनच्या हाती ९५. वूचांगपासून दक्षिणेला इंग्रज इंजिनिअर, ग्वांगश्वेइ–यीचांग जर्मन, यीचांग–खुइचौ अमेरिकन. तारण हूपेइ-हूनानची जकात आणि मिठावरचा कर. अकरा दिवसांच्या अंतराने हे दोन कागद आले, आणि लोकांनी ते जोडून वाचले: आमचे शेअर काढून घेतले ते परदेशी बँकांना द्यायला. भरपाईही प्रांतागणिक वेगळी. हूनान-हूपेइच्या व्यापारी शेअरना पूर्ण परतफेड, क्वांगतुंगला साठ टक्के रोख आणि बाकी बिनव्याजी रोखे, सिचुआनला फक्त खर्च झालेल्या आणि शिल्लक रकमेचे सरकारी रोखे. शांघायला बुडालेले तीस लाख? ते नाहीत. कर्जकराराच्या दृष्टीने शेंग यांचं गणित बरोबर होतं, बुडालेल्या पैशासाठी सोन्यातलं कर्ज कशाला? पण धान्य मोजून दिलेल्या माणसाला हे सांगण्याआधी त्याच्याशी कोणी बोललंच नाही.

जूनमध्ये सिचुआनची राजधानी छंगदूत रेल्वे रक्षण संघ स्थापन झाला. रस्तोरस्ती मंडप घालून दिवंगत क्वांगश्यू बादशहाच्या नावाच्या पाट्या पुजायला सुरुवात झाली, कारण रेल्वे खाजगी भांडवलाने बांधावी हे त्याच्याच राजवटीचं धोरण. पाटीसमोरून जाताना अधिकाऱ्यांना पालखीतून, घोड्यावरून उतरावं लागे आणि मंडप मोडायची कोणाची छाती नव्हती. ऑगस्टअखेर दुकानं बंद. ७ सप्टेंबरला व्हाइसरॉय झाओ अरफंग यांनी पुढाऱ्यांना अटक केली, जमावावर गोळीबार झाला, तीसहून अधिक माणसं मेली. तारायंत्र आणि वेशी बंद होत्या, तेव्हा लाकडी फळ्यांवर बातमी लिहून, त्यांना तेल लावून त्या नदीत सोडल्या. त्या प्रवाहाबरोबर खालच्या गावांना पोचल्या. लोक त्यांना ‘पाण्यावरची तार’ म्हणत. बंड मोडायला सरकारी अधिकारी त्वानफांग यांनी हूपेइची पलटण पश्चिमेला नेली, वूचांग मोकळं झालं, आणि १० ऑक्टोबरला तिथेच उठाव झाला, ज्यातून पुढे चिंग राजवट कोसळली. नोव्हेंबरअखेर त्वानफांग यांना त्यांच्याच शिपायांनी मारलं.

ज्या करारावरून हे झालं, त्याच्या अटी थ्येनजिन–पूकौच्या जवळच्या होत्या. १९०३ च्या शांघाय–नानजिंग करारापेक्षा कितीतरी बऱ्या. आकड्यांकडे पाहिलं तर दोष दुसरीकडे दिसतो. मार्ग साधारण १,८०० किलोमीटर, कर्ज ६० लाख. सपाट मैदानातून जाणाऱ्या १,००९ किलोमीटरच्या थ्येनजिन–पूकौला पुरवणी धरून ८० लाखांचे रोखे काढावे लागले होते. जवळपास दोन वर्षं चार राजधान्यांनी इंजिनिअरांच्या जागा वाटल्या, रकमेचं मात्र कोणी डोंगराशी मोजमाप केलं नाही. कँटन–हानकौ १९३६ मध्ये पूर्ण झाला. रोख्यांचे हप्ते १९३० च्या दशकाच्या अखेरीस कायमचे थांबले. १९७९ मध्ये काही रोखेधारकांनी अमेरिकेत अलाबामाच्या न्यायालयात चीनवर दावा लावला, १९८२ मध्ये ४ कोटी १३ लाख डॉलरचा एकतर्फी निकाल मिळवला आणि दोन वर्षांनी तो रद्द झाला. अमेरिकन इंजिनिअरच्या वाट्याला आलेल्या यीचांगच्या पश्चिमेकडच्या डोंगरात रेल्वे धावली ती डिसेंबर २०१० मध्ये. यीचांग–वानचौ, ३७७ किलोमीटर, आणि त्यातला जवळपास तीन चतुर्थांश भाग पुलांवर किंवा बोगद्यांत.